पोटाच्या फोटोतली छाती

स्कॅनवाल्या बाईंचं डोकं सकाळपासून सटकलं होतं. बेकरीवाल्याच्या पोटाचा स्कॅन त्यांनीच काढला होता. पोट उजवीकडे दुखतंय, ताप आहे, उलट्या होतायत. खोकला सोडा, साधी शिंकही नाही. अपेंडिक्स म्हणून सगळे मोकळे झाले होते. पण पोटाच्या फोटोत वरच्या कडेला फुप्फुसांची टोकं येतातच, आणि तिथे दोन्हीकडे धुरकट डाग होते. महिनाभर चाललेल्या साथीत असे डाग बाईंनी इतके पाहिले होते, की झोपेतही ओळखले असते.

रिपोर्टात त्या डागांचा पत्ताच नाही. फॉर्मवर 'पोट' लिहिलं होतं, म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्यानेही पोटच पाहिलं. 'अपेंडिक्स किंचित सुजल्यासारखं', एवढं खरडून झाला मोकळा.

बाई सर्जनांकडे गेल्या. "सर, छातीत डाग दिसतायत. नाकातली तपासणी करून घेऊ या का? साथीचा ताप कधीकधी पोटापासूनच सुरू होतो."

"बाई, तुम्ही फोटो काढा. पोटाचं मी बघतो. अर्ध्या तासात घेतोय त्याला."

असल्या फुप्फुसांना भूल द्यायची, तीही बहुधा नसलेल्या आजारासाठी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर बेकरीवाल्याची बायको पिशवी कवटाळून उभी होती. ऑपरेशनच्या कागदावर सही तिने केव्हाच केली होती.

मग बाई वीस वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. "सर, माझ्याकडून फोटो हललाय. अपेंडिक्सपाशीच धूसर आलंय. परत काढावा लागेल."

"वीस वर्षं झाली आणि अजून फोटो हलतो तुमचा?" सर्जन सगळ्यांदेखत कडाडले.

बेकरीवाला खाली स्कॅनच्या खोलीत आला तेव्हा बाईंनी मशीन सुरूच केलं नाही. त्याला घेऊन आलेली वॉर्डातली सिस्टर त्यांची जुनी मैत्रीण. तिने काहीही न विचारता त्याच्या नाकात काडी फिरवली. वीस मिनिटांत पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

ऑपरेशन थांबलं. चार दिवसांत पोटही शांत झालं आणि तापही उतरला. सर्जन शिकाऊ डॉक्टरांना घेऊन खाली आले. पोटाचं सोंग घेऊन आलेली साथ आपण कशी वेळेत पकडली, ते त्यांनी रंगवून सांगितलं. जाताना बाईंकडे वळून म्हणाले, "तुमच्या धांदरटपणाचाही कधीतरी उपयोग होतो, बघा."

सगळे हसले. बाईंनी तोंड उघडलं. खरं सांगितलं असतं, तर खोटं बोलल्याबद्दल नोकरी गेली असती.

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.