तळाचा मका

पोत्याच्या तोंडाशी, दाणा हसतो सोन्याचा
हात घाल गं कोपरापातुर, ठाव घे बाई तळाचा

भाग्यश्रीच्या आजीचा, चिमाबाईचा आवाज. चाकणच्या बाजारात दुसऱ्यांचं धान्य पाखडताना आजी हे गायची, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची आणि मूठ वर काढून आधी नाकाशी न्यायची. भाग्यश्री तेव्हा सहा वर्षांची होती.

आता ती तिथूनच जवळ, पशुखाद्याच्या कारखान्यात मका तपासते. हाताच्या जागी परखी आली. पोकळ टोकदार सळई, पोत्यात खुपसली की मूठभर दाणे घेऊन येते. ते दळायचे, पाण्यात घोळायचे, कागदी पट्टी बुडवायची. बुरशीचं विष असलं की पट्टी सांगते. मका ओला राहिला की बुरशी धरते. बुरशी एक वेळ पुसता येते, विष पुसता येत नाही. आणि ते असतं थोड्याच दाण्यांत, कुठेतरी आत.

नियम असा की परखी गाडीच्या दहा जागी घालायची, तळाच्या थरालाही. रीत अशी की गाडीचा मागचा फाळका पाडायचा, तोंडाशी दिसतात ती पोती टोचायची आणि दहा जागा कागदावर लिहायच्या. ताडपत्री सोडून वर चढेपर्यंत शिफ्ट सुटते, आणि मागे चार गाड्यांचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतात. त्या दिवशीही तिने तसंच केलं. पट्टी स्वच्छ आली. तिने सही केली.

आठवड्याने त्याच मक्याचं खाद्य तयार झालं आणि कामगारांना सवलतीत मिळालं. भाग्यश्रीने एक पोतं घरमालकीण कुशाबाईसाठी आणलं. कुशाबाईच्या अंगणातली खोली तिची, आणि सकाळच्या चहाचं दूध कुशाबाईच्या हरणी गाईचं. हरणी गाभण होती, सातवा महिना. कुशाबाई म्हणाली होती, पोरी, माझ्या हरणीचं डोहाळजेवणच आणलंस की गं.

महिन्याभरात हरणीने वैरण सोडली. डोळे पिवळे झाले. मग वासरू मेलेलंच पडलं, आणि हरणी बसली ती उठेना. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं, लिव्हर गेलंय, खाद्यात बुरशी होती. यावर उतारा नाही. दूध कुणालाच देऊ नका.

कुशाबाईला कंपनीच्या पोत्यावर संशय घेता येईना. भाग्यश्रीने आणलेलं, तपासलेलं. मग राहिली सून, तनुजा. तिनेच ते गोठ्यात ओल्या भिंतीपाशी ठेवलं, म्हणून बुरशी धरली, असं कुशाबाईचं म्हणणं. दळताना, सारवताना, जेवायला बसताना तनुजाला तेच ऐकावं लागे.

भाग्यश्रीने पोत्याच्या मधोमधचं, कोरडं खाद्य पुडीत बांधून कंपनीत नेलं. पट्टीने मर्यादेच्या कितीतरी पुढचा आकडा दाखवला. ती साहेबांकडे गेली. साहेब वर न बघता म्हणाले की लॉट कधीच संपला, आता कुठल्या कुठल्या गोठ्यात शोधणार? आणि सही तुझी आहे. ती परत आली. पुडी पर्समध्येच राहिली. चार दिवस ती कुशाबाईच्या डोळ्याला डोळा न देता फाटकातून जात-येत राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी हरणीने मान टाकली. कुशाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, शिंगांच्या मधोमध खाजवत बसली. तनुजा पाण्याची बादली घेऊन आली. हरणीने जीभसुद्धा बाहेर काढली नाही.

"एक पोतं सांभाळता आलं न्हाई तुला," कुशाबाई हळूच म्हणाली. "फळीवर ठेवायला काय हात झिजत व्हते?"

"फळीवरच व्हतं, आत्या," तनुजा म्हणाली. बादली तशीच हातात.

कुशाबाईने मान फिरवली. भाग्यश्री गोठ्याच्या दाराशी उभी होती. हरणीचा श्वास येत होता, मग बराच वेळ येत नव्हता, मग पुन्हा येत होता.

"तिला बोलू नका मावशी," भाग्यश्री म्हणाली. "तिच्या हातात यायच्या आधीच ते बिघडलेलं होतं. त्या मक्याची गाडी मीच पास केली. वरवरची पोती टोचली आणि दहा जागा लिहिल्या. तळाला मी हातच घातला नाही."