आठव्या बटणाची अडचण

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. मोडीत निघालेल्या एका लिफ्टची आठ बटणं घरी आणून त्यांनी ताईसाठी सिक्वेन्सर केला. प्रत्येक बटणाखाली एक नॉब. तो फिरवला की त्या बटणाचा सूर चढतो-उतरतो, आणि बटणं ओळीनं उजळत तेच सूर फिरून फिरून वाजवत राहतात. आठच का? तर ती इमारत आठ मजल्यांची होती. संगीताला याहून भक्कम पाया मी पाहिलेला नाही.

आता त्यांना तो वाढवायचा होता. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बेत चालला होता.

"सोळा बटणं. सूर लक्षात ठेवायला मेमरी. वर छोटा पडदा."

"पडद्यावर काय दिसणार?" मी विचारलं.

"कितवं बटण चालू आहे ते."

"ते बटण पेटून सांगतंच की!"

"मेहुणीनं सल्ला दिल्याशिवाय या घरात खिळाही ठोकता येत नाही."

नाकापेक्षा मोती जड होणार हे दिसत होतं, पण माझं लक्ष ताईकडे होतं. शनिवारी ऑफिसच्या कार्यक्रमात ती स्वतः रचलेलं गाणं या यंत्राच्या साथीनं म्हणणार होती. सकाळी मात्र मला हळूच म्हणाली, "नाव काढून घेते. घसा बसलाय." त्याच घशानं ती मघाशी भावोजींना दोन खोल्यांपलीकडून हाक मारत होती. हिशेब काही जुळेना.

"एकदा म्हण ना," मी गळ घातली.

यंत्र सुरू झालं. सातव्या बटणाला ताईची ओळ संपायची. आठवं पेटलं की ती उगाच एक "आ" ओढायची आणि धडपडत पुढच्या ओळीत शिरायची.

"ताई, गाणं सातांचं आहे का गं?"

ती ओशाळली. "यांनी एवढ्या हौसेनं केलंय..."

"अगं, मग सांगायचं नाही का?" भावोजी उडालेच.

"काय सांगू? तुमचं एक बटण जास्त झालं म्हणून? गाणं मोडून बघितलं, ते आठांत बसेना."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माझी बहीण!

भावोजींनी बेताचे कागद बाजूला सारले. "लिफ्ट बघायला गेलो की आधी विचारतो, कुठे अडकते. घरात विचारायचं राहिलं." मग यंत्राचा डबा उघडला. "मजला नको असेल तर इमारत पाडत नाहीत." एक तार जोडली, मध्ये लहानसा स्विच टाकला. आता आठव्याची पाळी आली रे आली, की यंत्र थेट पहिल्यावर.

ताई गायली. ओळ आणि बटणं एकाच वेळी पोचली. ती हसतच पुन्हा गायली, मग तिसऱ्यांदा, आणि तिथूनच ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला: "शनिवारी माझं नाव राहू दे गं. घसा? सुटला."

फोन ठेवून ती यंत्रावर ओणवली. "अहो, मधल्या कडव्यापुरतं पाचांचं करता येईल?"

"आधी म्हणून दाखव," भावोजी म्हणाले आणि सोल्डरिंगची सळई बाजूला ठेवून ऐकायला बसले.