ताईसाठी व्हिएन्ना

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताई सहा आठवडे माझ्याकडे होती. तिचे यजमान फिरतीवर, मुलगी लांब, आणि एकाच घरात राहणाऱ्या जाऊबाईंना म्हणे औषधांचा वास सोसत नाही. मग उरलं कोण, तर मी. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. सकाळी ताईची आंघोळ उरकून दुकान गाठायचं, जेवणाच्या सुट्टीत धावत घरी येऊन तिचा व्यायाम करून घ्यायचा, की परत दुकान. एकदा माझ्या खांद्यावर हात टेकून ती पहिल्यांदा बाल्कनीपर्यंत चालत आली आणि म्हणाली, "छोटे, मला धड चालता येऊ दे, मग आपण दोघी चार दिवस युरोपात जाऊ. एकच शहर, निवांत."

लोक बोलून मोकळे होतात आणि मी कामाला लागते, ही माझी जुनी खोड.

ताई बरी होऊन घरी गेली, तरी दर रविवारी दुपारी यायची आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरले जायचे. माझा जीव लिस्बनवर जडला होता. समुद्राजवळचं शहर मी कधी पाहिलेलं नाही. पण तिथे नुसते चढउतार, म्हणजे ताईच्या गुडघ्याचा निकालच. तीन आठवड्यांपूर्वी मी ते माझ्या हाताने खोडलं. ताई समोर चहा पीत होती. "शहाणी गं माझी," म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढच्या रविवारी दगडी रस्त्यांपायी प्राग गेलं. उरलं व्हिएन्ना. शहर बरंचसं सपाट, ट्राममध्ये चढायला पायरी नको, बागेत बसायला बाक. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, असं मी हॉटेलला मेल करून विचारलं, तर त्यांनी दांडीचा फोटोच पाठवला. सात वर्षांत पहिल्यांदा रजा मागितली. मालकांनी "खरंच जाताय?" असं दोनदा विचारून ती दिली.

या रविवारी ताई माझ्या कागदावरून बोट फिरवत होती. "मग विमानतळावरून आम्ही टॅक्सी करावी की ट्रेनने जावं?"

ट्रेनने, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले. दुसरं कुणी असतं तर जीभ घसरली म्हणून सोडून दिलं असतं. पण ताईने तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली आहे. 'आपण'मध्ये समोरचा माणूस येतो, 'आम्ही'त येत नाही, हे लहानपणी तिनेच माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग एकेक बाहेर पडायला लागलं. जाऊबाईंनी हट्ट धरला. एका घरात राहायचं, तर त्यांचं मन कसं मोडणार? शिवाय तुला रजेची नेहमीच मारामार. महिन्यापूर्वीच दोघींचं पक्कं झालं होतं, नुसतं शहर ठरायचं राहिलं होतं.

महिन्यापूर्वी. म्हणजे मी लिस्बन खोडलं तेव्हा तिला माहीत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तेही माझ्या टेबलावर, माझ्या हातचा चहा पीत.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू शोधलं नसतंस ना," ताई म्हणाली. "आणि तुझ्यासारखं बारकाईने दुसऱ्या कुणाला जमत नाही."

हे तिने कौतुकाने म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर थोडीसुद्धा लाज असती, तर मी भांडले तरी असते. माझी रजा मंजूर झाली आहे, हेही मी सांगितलं नाही. तेवढं तरी तिच्या हाती लागू द्यायचं नव्हतं.

तिने कागद पर्समध्ये ठेवले, चपला घातल्या आणि दारात वळली.

"एक करशील, छोटे? जाऊबाईंसमोर यातलं काही बोलू नकोस. हे सगळं मीच शोधलं, असं सांगितलंय मी त्यांना."

मी "बरं" म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.