सव्वा बोट आसवं

देवास संस्थान दोन पात्यांत, म्हणजे दोन भाऊबंद घराण्यांत, वाटलेलं; त्यातल्या थोरल्या पातीच्या जामदारखान्यात रोमन काचेची एक शिशी होती. हिरवट, सव्वा बोट उंच, मानेशी वाकडी. देणाऱ्या गोऱ्या साहेबानं सांगितलं, रोमन लोक आप्तांची आसवं हिच्यात भरून मयताबरोबर पुरत. वास्तविक ते हिच्यात सुवासिक तेल ठेवत. पण साहेबाला खोटं पाडणार कोण?

म्हणून १९०४ साली जमुनाबाई काकीसाहेब वारल्या तेव्हा कारभारी शिवाजीरावांनी हुकूम काढला : तेराव्यापर्यंत शिशी भरावी, समाधीवरच्या छत्रीच्या पायात ठेवायची आहे. काम कारकून नीलकंठाकडे. कोणी पाणी घालू नये म्हणून त्रयस्थ असा धाकट्या पातीचा शालिग्राम पहाऱ्याला.

अडचण एवढीच, की काकीसाहेबांसाठी कोणालाच रडू येईना. मानकऱ्यांनी कांदे चिरून चिरून तीन थेंब दिले. तिसरा शिंकेचा निघाला.

इकडे नीलकंठाची बायको मालन आठ दिवस गावाबाहेर प्लेगच्या झोपडीत पडलेली.

"साहेब, दोन तासांची रजा द्या. तिला पाहून येतो."

"शिशी भरली की जा. आणि घरचं दुःख असताना आम्ही कांदे का चिरावे? रड की!"

"ती जिवंत आहे, साहेब. जित्या माणसासाठी रडलं की ते माणूस जातं."

"तो फिर भिया, काकीसाहेबांच्या नावानं रड ना," शालिग्राम म्हणाला.

"डोळ्यांना नाव कुठं कळतं?"

रडू दाटलं की नीलकंठ पाढे म्हणे. एकोणतिसापर्यंत पोचला होता.

तेराव्याच्या सकाळी प्लेगछावणीचा शिपाई खंडोजी दारात आला. "मालनबाई पहाटे गेल्या. विचारत होत्या, कोणी आलंय का."

शिवाजीराव कळवळले. खरंच कळवळले. मग हलकेच म्हणाले, "आता अपशकुनाची भीती नाही, बाबा," आणि शिशी त्याच्या डोळ्याखाली धरली.

काही आलं नाही. दुपार कलली तरी नाही.

"दरबारात काय तोंड दाखवू? बत्तीस वर्षांची चाकरी माझी!" म्हणत शिवाजीरावच हुंदके देऊ लागले. नीलकंठ हाडाचा कारकून. त्यानं मुकाट्यानं शिशी त्यांच्या गालाला लावली. सव्वा बोट, काठोकाठ भरली. "असली है," शालिग्रामनं निर्वाळा दिला.

"जा आता," शिवाजीराव नाक पुसत म्हणाले.

नीलकंठ दोन कोस धावत गेला. मालनला सकाळीच नेलं होतं. झोपडी कायद्याप्रमाणे जाळून झाली होती. अजून गरम असलेल्या राखेशी तो बसला.

"उठा," छावणीचा पहारेकरी म्हणाला. "इथं बसायला चिठ्ठी लागते."

"कोणाची?"

"कारभाऱ्यांची."