सात नंबरचा चॅनल

"घट्ट धरा भाऊ," किशोर म्हणाला आणि त्यानं सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक जॅकच्या पातीला टेकवलं. भूपेंद्रनं डाव्या हाताच्या चिमटीत वायर धरली होती. कथील वितळलं, बारीक धूर निघाला, तार जागेवर बसली. किशोरनं फुंकर मारली. तरीही जळका वास येत राहिला, आणि तो कथलाचा नव्हता.

त्यानं खाली पाहिलं. आयर्नची कड भूपेंद्रच्या करंगळीला लागलेली होती. तिथली कातडी पांढरी पडून वर आली होती. भूपेंद्र जॅककडे पाहत होता.

"झालं काय?" त्यानं विचारलं.

किशोरनं आयर्न उचललं. "झालं."

"मंग असा काऊन पाहून राह्यला?"

"बोट भाजलं तुमचं."

भूपेंद्रनं हात वळवून करंगळी पाहिली. क्षणभर तो नुसताच पाहत राहिला. मग "आई गं!" म्हणत त्यानं हात झटकला आणि बोट तोंडात घातलं. फार उशिरा.

हिंगणघाटच्या एका मंगल कार्यालयात रूपरावांच्या ऑर्केस्ट्राचा त्या संध्याकाळी कार्यक्रम होता. साल शहाण्णव, लग्नसराईचे दिवस. रूपराव स्वतः गायचे आणि ऑर्केस्ट्राही त्यांचाच होता. भूपेंद्र तेरा वर्षं त्यांच्याकडे गिटार वाजवत होता. दिवसा तो वर्ध्यात वडिलांच्या, भैय्याजींच्या, कापडाच्या दुकानात बसायचा. किशोर अल्लीपूरच्या भाजी पिकवणाऱ्या कास्तकाराचा मुलगा. रेडिओ दुरुस्ती शिकायला वर्ध्याला आला, तेव्हा भूपेंद्रनंच त्याला शेजारच्या सिंदी मेघेतल्या आपल्या घरातली मागची खोली दिली होती आणि रूपरावांकडे मिक्सरवर, सगळे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, बसवलं होतं. चार वर्षं तो त्या घरात भूपेंद्रच्या बायकोच्या, गुंजनवहिनीच्या, हातचं जेवला होता; मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकून वेगळा राहू लागला.

गिटारच्या आवाजावरून दोघांचा जुना वाद होता. भूपेंद्रचा अॅम्प्लिफायर म्हणजे एक जडशीळ काळी पेटी. ती स्टेजवर त्याच्या पाठीशी असायची आणि तिच्यासमोर एक माईक लावलेला असायचा. त्या माईकमध्ये गिटारबरोबर ढोलक शिरायचं, ड्रम शिरायचे, मधूनच शिटी वाजायची. पेटीच्या मागच्या बाजूनं वायर काढून आवाज थेट मिक्सरमध्ये घेऊ द्या, असं किशोर दोन वर्षं म्हणत होता. म्हणजे सभागृहात गिटार किती ऐकू जावी हे मिक्सरवर ठरवता येईल आणि पेटी स्टेजवर भूपेंद्रपुरती हळू वाजेल.

"माही गिटार ह्या पेटीतून बोलते," भूपेंद्र म्हणायचा. "तुह्या वायरीतून नाई."

मागच्या आठवड्यात मात्र त्यानं आपणहून कापडाच्या दुकानावर बोलावून सांगितलं, "लाव बाबा तुही वायर." एवढं एकदम कसं पटलं, हे किशोरनं विचारलं नाही. मान्य झालं याचाच त्याला आनंद झाला होता.

कार्यक्रम सुरू झाला. सभागृहाच्या मागच्या टोकाला, जेवणाच्या पंगतींना पाठ करून, किशोर मिक्सरसमोर बसला. गिटारला त्यानं सात नंबरचा चॅनल दिला होता. दुसऱ्या गाण्याला त्यानं हेडफोन चढवला आणि फक्त सात नंबर ऐकायला घेतला. तेरा वर्षांत भूपेंद्रची गिटार अशी एकटी कुणीच ऐकली नसेल. तारा नीट दाबल्याच जात नव्हत्या. चारांपैकी दोन बोटं तारांवर नुसती पडत होती. कुठे तार खरखरायची, कुठे सूर निघायच्या आतच मरायचा. वेग तोच होता, हातोटी तीच होती. फक्त बोटं तिथं नव्हती. माईकमधून येताना हे सगळं ढोलकाखाली झाकलं जात असणार.

किशोरनं हेडफोन काढला. स्टेजवर भूपेंद्र डोळे मिटून वाजवत होता.

किशोरनं सात नंबरच्या आवाजाची पट्टी हळूच खाली ओढली. पाव उरली तिथं थांबला. मग तीही ओढली. कीबोर्डवाल्याचा आवाज थोडा वाढवला. जेवणाऱ्यांपैकी कुणी मान वर केली नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर रूपराव घाम पुसत मिक्सरपाशी आले. "आज काय साफ आवाज होता बे! हे आधीच काऊन नाई केलं?"

न दुखणारं भाजणं काय असतं, हे किशोरला कुणी सांगायला नको होतं. त्याच्या लहानपणी अल्लीपुरात रुख्माबाई नावाची म्हातारी होती. चुलीतला निखारा ती हातानं सारायची. पोरं लांबून पाहायची. पुढं तिची बोटं झडली. मुलांनी तिला शेताच्या बांधावर खोपटं बांधून दिलं आणि भाकर दुरून ठेवू लागले. ती मेली तेव्हा खोपटासकट जाळली, असं गावात म्हणत. खरंखोटं किशोरला माहीत नव्हतं. त्याच्या आईनं त्या बांधावरून जायला बंदी केली होती.

आता यावर गोळ्या निघाल्या आहेत, फुकट मिळतात, हेही त्याला माहीत होतं. वर्ध्यात भिंतीभिंतीवर लिहिलेलं होतं. फिकट चट्टा, बधिर कातडी, ताबडतोब दवाखाना. रोज सायकलनं तो त्या भिंतींजवळून जायचा.

एका दुपारी तो सांगायचंच असं ठरवून दुकानात गेला. भूपेंद्र गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होता. पूर्ण बाह्यांचा सदरा, गुंड्या मनगटापर्यंत लावलेल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. मीटरपट्टी तो उरलेल्या बोटांनी धरत होता. गादीवर भैय्याजी बसले होते, समोर दोन बाया लुगडी पाहत होत्या.

"बोल," भूपेंद्र म्हणाला.

"मिक्सरवर झाकाले कापड पायजे होतं."

भूपेंद्रनं कोऱ्या मांजरपाटाचा तागा उलगडला. कापताना त्यानं वर पाहिलं नाही.

किशोर कापड घेऊन परत आला. लग्नसराई उरकू दे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हे कळलं तर रूपराव उद्याच दुसरा गिटारवाला आणतील, भैय्याजी दुकानात बसू देणार नाहीत, वहिनी काय करील. थोडे दिवस माणसाला वाजवू दे. लग्नसराई उरकली, तेव्हा पुढे गणपती होते. गणपती झाले, तेव्हा नवरात्र. प्रत्येक कार्यक्रमाला तो पेटीच्या मागून वायर काढून लांब ओढत मिक्सरपर्यंत आणायचा, सात नंबरात खोचायचा आणि पहिल्या गाण्यानंतर पट्टी खाली घ्यायचा. स्टेजवरच्या पेटीतून भूपेंद्रला त्याची गिटार ऐकू यायची. बाकी कुणाला नाही.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. किशोर स्वतःचा स्टीलचा गिलास पिशवीतून आणू लागला. आधी दोघं एका बशीत चहा ओतून प्यायचे. "दात दुखते, गरम चालत नाई," असं तो पहिल्यांदा म्हणाला. दुसऱ्यांदा काही म्हणावं लागलं नाही. भूपेंद्र आपला कप उचलून स्टेजच्या पायरीवर जाऊन बसायचा.

गिरडला टेकडीच्या पायथ्याशी कार्यक्रम होता. मंडप अजून रिकामाच होता. किशोर वायरी जोडत असताना भूपेंद्र मिक्सरपाशी आला. गेल्या कित्येक महिन्यांत तो तिथं आला नव्हता. सगळ्या पट्ट्यांवरून त्यानं नजर फिरवली.

"सात नंबर किती ठेवतं रे?"

किशोरचे हात थांबले. "जेवढा लागते तेवढा."

भूपेंद्रनं मान हलवली. उजव्या हाताच्या बोटानं त्यानं सातवी पट्टी वर सरकवली, अगदी टोकापर्यंत, आणि मग पुन्हा तळाला आणून सोडली. "चांगलं बसवलं तू," तो म्हणाला. "रूपरावले काई समजलं नाई. मले वाटलंच होतं, तुह्याच्यानं होईन."

"भाऊ, दवाखान्यात—"

"आचलचं जमून राह्यलं," भूपेंद्र मध्येच म्हणाला. आचल त्याची धाकटी बहीण. "पाव्हणे नागपूरचे हायत. तेवढं होऊ दे."

तो स्टेजकडे गेला. किशोरनं उरलेली वायर सात नंबरात खोचली. भूपेंद्रनं वायर लावायला होकार का दिला होता, हे त्याला आता कळलं होतं. त्या संध्याकाळीही त्यानं पट्टी खाली घेतली.

आचलचं लग्न माघात झालं. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळीच, गुंजनवहिनी किशोरच्या दुरुस्तीच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर होता, पायात दोन वेगवेगळ्या चपला. किशोर हातातला रेडिओ ठेवून उठला.

"ह्यायले दवाखान्यात न्याचं हाय," ती म्हणाली. "मामाजी येत नाईत." मामाजी म्हणजे तिचे सासरे, भैय्याजी.

"काय झालं?"

"परवा सकाळी चादरीले रक्त होतं. पाह्यलं तं बोट." ती थांबली. "उंदरानं खाल्लं, किशोरभाऊ. रात्रभर खाल्लं असन. आन् हे झोपून होते. ह्यायले समजलंच नाई."

कुष्ठरोगाच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्क होते आणि सावकाश बोलत. त्यांनी आधी कुरतडलेलं बोट धुऊन बांधलं, मग भूपेंद्रला सदरा काढायला लावला. दंडावर आणि पाठीवर फिकट चट्टे होते, हाताच्या पंजाएवढे. डॉक्टरांनी पिसाचं टोक फिरवलं आणि भूपेंद्रला डोळे मिटून सांगायला लावलं, कुठं लागतं. भूपेंद्र बऱ्याच वेळा चुकला. मग डॉक्टरांनी कोपरामागची नस बोटानं दाबून पाहिली आणि डावा पंजा टेबलावर सरळ ठेवायला सांगितला. तो सरळ होईना. दोन बोटं आकड्यासारखी वाकलेली राहिली. तिसरंही आता वळायला लागलं होतं.

"रोग बरा होईल," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या नेमानं घ्यायच्या. घरच्यांना भीती नाही, पण सगळ्यांना तपासून घेऊ. हाताचं मात्र… नस मेली की परत जिवंत करता येत नाही. सुरुवातीला आला असतात, वर्षभर आधी, तर हात वाचवता आला असता. कधीपासून आहे हे?"

भूपेंद्र सदऱ्याच्या बाहीत हात घालायचा प्रयत्न करत होता. गुंजननं पुढं होऊन बाही धरली.

"दोनेक महिने," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी कागदावर लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होतं. तिघं तिथं बसले. समोर कडुलिंबाखाली काही माणसं रांगेत बसून पाण्याच्या घमेल्यांत पाय भिजवत होती. गुंजननं एकदा तिकडं पाहिलं आणि नंतर तिकडं तोंड केलं नाही.

"डॉक्टर वर्ष म्हणते," ती म्हणाली. "वर्षभर काईच कसं दिसलं नाई कोनाले? मी घरात होती. मले हे हात लावू देत नव्हते. आंघोळीचं पानी बी सोताच घ्याचे. मले वाटलं, माह्यावर राग हाय." तिनं पदर ओठांशी धरला. "किशोरभाऊ, तुमी तं ह्यायच्यासंग असाचे. पोग्रामले, गाडीत. तुमाले बी नाई दिसलं?"

किशोरनं तोंड उघडलं.

"त्याले काय दिसन," भूपेंद्र म्हणाला. तो झाडाकडे पाहत होता. "तो मिक्सरवर राह्यते. तिकडं, मागं. लय लांब बसते तो."

आताच बोलायला हवं, हे किशोरला समजत होतं. एक श्वास, दुसरा श्वास. मग आतून कुणीतरी भूपेंद्रचं नाव पुकारलं, आणि हातात काहीतरी करायला मिळालं म्हणून तो झटकन उठला. गोळ्यांच्या खिडकीपाशी रांग होती. तो रांगेत उभा राहिला. महिन्याच्या गोळ्यांचं पान घेतलं, कशा घ्यायच्या ते दोनदा विचारून घेतलं आणि परत आला.

गुंजननं पान त्याच्या हातून घेतलं. भूपेंद्रला उठायला आधार देण्यासाठी तिनं त्याच्या बगलेत हात घातला, पण लगेच उचललं नाही. तशीच वाकून ती किशोरकडे पाहत राहिली.

"तुमी येत जा घरी," ती म्हणाली. "उंदराचं समजलं तवापासून लोक दूर झाले. काल रूपरावजीनं पेटी दारातूनच आत ढकलली. अंगणात बी नाई आले. शेजारचे येत नाईत. तुमी तेवढे येत जा, किशोरभाऊ. तुमीच एक हाय आमचे."

भूपेंद्रनं मान वळवली नाही.

"येतो," किशोर म्हणाला.