हात हलला नाही तर

"मी हात हलवला नाही, तर गाडी थांबवायची. कळलं का, पोरी?" सिस्टर ऑल्ड्रेड म्हणाल्या होत्या. आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात.

"तुम्ही शंभरी गाठणार, बघा," म्हणत मी हसून गाडी सुरू केली.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सेज बेंड वसाहतीत जन्मलेल्यांपैकी त्या एकट्याच उरलेल्या. त्यांच्या आजोबांनी आणि आणखी अकरा कुटुंबांनी बैलगाड्यांतून येऊन तिथे पाट खणला. नदीने तो सात वेळा फोडला. आठव्यांदा कुणी फावडं उचललं नाही. पाच घरं, शाळा आणि टेकाडावरची एकवीस थडगी उरली, त्याचं सरकारने जुनं गाव दाखवणारं उद्यान केलं. वयाच्या सहाव्या वर्षी गाव सोडलेल्या सिस्टर, नवरा गेल्यावर तिथेच राखणदार म्हणून परतल्या.

"माझ्याच घराची तिकिटं फाडते मी," म्हणायच्या.

आजीचा झालरीचा टोप घालून त्या ओसरीवर खुर्चीत बसत. पाहुणे आले की पुतळ्यासारख्या निश्चल. पोरं नाकाजवळ आली की, "भॉ!"

चर्चने त्यांच्याकडे अधूनमधून जाऊन बसायचं काम माझ्याकडे दिलं होतं. मी रस्त्यावरूनच हात हलवून भागवायचे.

त्या गुरुवारी सकाळी मागच्या सीटवर माझी आठ महिन्यांची ब्रिन तापाने कण्हत होती. मी हात हलवला. सिस्टर हलल्या नाहीत. एक बाई त्यांना खेटून फोटो काढून घेत होती. चाललाय यांचा खेळ, म्हणत मी दवाखाना गाठला.

दुपारी परतताना ऊन थेट त्यांच्या तोंडावर होतं आणि टोप एका कानावर घसरलेला. तेव्हा मात्र मी थांबले.

"सिस्टर, पुरे झालं हं," म्हणत मी त्यांच्या खांद्याला धरलं.

"अहो बाई, हात नका लावू," मागून एक गृहस्थ म्हणाले, "पाटी आहे तिथं."

सिस्टरचे फक्त डोळे माझ्याकडे वळले.

आता त्या खुर्चीत खरोखरचा पुतळा आहे, त्यांचाच टोप घातलेला. सिस्टर दीड तासावरच्या वृद्धाश्रमात आहेत. लकव्याने वाचा गेली, डावा हात तेवढा हलतो. झोपलेल्या ब्रिनच्या नाकाशी मी दहादा बोट धरून बघते. त्यांच्याकडे मात्र रविवारीच जाणं होतं. बाकीचे सहा दिवस कुणीच नसतं.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर खोली नंबर नऊमध्ये डोकवा. त्या खिडकीकडे तोंड करून बसलेल्या असतील. दारातूनच हात हलवून निघू नका. आत जा, समोर बसा, आणि त्यांचा हात हलेपर्यंत थांबा.