कारणाचा रकाना

"हे 'हवंच'मध्ये नाही बसत, शालिग्रामभाऊ. 'असल्यास बरं'मध्ये टाकते," स्नेहा मॅडम म्हणाल्या.

"नका टाकू, मॅडम."

सगळ्या टेबलाने माना वळवल्या. गुजरातेतल्या उधन्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात एकोणतीस वर्षं एक्स-रे काढणारा शालिग्राम कोणाला 'नका' म्हणाल्याचं ऐकिवातच नव्हतं. बोलून गेला आणि त्याचे कान गरम झाले.

एक्स-रेचं नवीन यंत्र घ्यायचं होतं, त्याचीच ही बैठक. यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनियर स्नेहा मॅडम मूळच्या अमरावतीच्या, आणि कामाला भारी कडक. त्यांचा नियमच होता, आधी आपली गरज लिहायची, मग बाजार बघायचा. नाहीतर विकणाराच येऊन आपल्याला आपली गरज सांगतो, आणि आपण मान हलवतो. म्हणून त्यांनी आठ दिवस सगळ्यांना विचारून मोठा तक्ता केला होता. काय पाहिजे, ते हवंच की असल्यास बरं, आणि शेवटी कारण. डॉक्टरांनी दोन पानं भरून दिली. शालिग्रामने एकच ओळ दिली होती: टेबल गुडघ्याइतकं खाली यावं.

जुनं टेबल कमरेएवढं उंच, जागचं न हलणारं. पेशंटने लोखंडी स्टुलावर पाय ठेवून चढायचं. म्हाताऱ्या बायका तर पदर सावरू की तोल सावरू, अशा घाबऱ्याघुबऱ्या होत. मग शालिग्राम हात पुढे करायचा, "द्या मावशी हात, पडू नाही देणार." एकोणतीस वर्षं हेच चाललं होतं.

"आटलां वरस तो चाल्युं ने, शालिग्रामभाई?" ट्रस्टी गुजरातीत म्हणाले, इतकी वर्षं चाललंच की. माणूस वाईट नव्हता. वरखाली होणाऱ्या टेबलाने खर्च वाढत होता, एवढंच.

मॅडमनी कागद फिरवला. "कारणात तुम्ही 'पेशंटला त्रास होतो' एवढंच लिहिलंय. त्रास तर सगळ्यालाच होतो हो. कोणी पडलंय का कधी? मी अपघाताची वही पाहिली. त्या खोलीची एक नोंद नाही."

नोंद कुठून असणार? ती करायचं काम शालिग्रामचंच होतं.

"सोमवारी सकाळपर्यंत नीट कारण लिहून आणा," मॅडम जरा मवाळ होत म्हणाल्या. "नाहीतर मी ती ओळ खाली टाकीन. आणि खाली टाकलेलं कधी येत नाही, हे तुम्हालाही माहितीये."

कारण त्याला तोंडपाठ होतं. पण ते लिहायचं म्हणजे हर्षदाकडून लिहून घ्यायचं. हीच तर सगळी पंचाईत होती.

हर्षदा त्याची एकुलती एक लेक. साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर करायची. शालिग्रामला टायपिंग येत नव्हतं, दवाखान्याचे सगळे कागद तीच करून द्यायची. रविवारी सकाळी डिंडोलीच्या घरात तो चहाचा कप घेऊन तिची वाट बघत बसला. ती पुढची फरशी धूत होती. धुतली, कोरड्या फडक्याने पुसली, परत पुसली, मग तिसऱ्यांदा. तळवा टेकवून पाहिला आणि मगच उठली. आई गेल्यापासून ती अशीच पुसायची. शालिग्रामला वाटे, पोर चोख आहे, आईवर गेलीय.

"बोला पप्पा." तिने लॅपटॉप उघडला. "कारण. काय लिहू?"

"लिख..." घरी तो गावच्या बोलीतच बोले. "सहा वरीस पहिले एक बाई स्टुलवरतून पडनी. खुबा मोडना. चार महिनामा वारनी."

हर्षदाची बोटं भराभर चालली. "नाव लिहायचं?"

चहा केव्हाच निवला होता. शालिग्रामने तो तसाच पिऊन टाकला.

"सुंदरा शालिग्राम पाटील."

बोटं थांबली.

त्याने सांगून टाकलं. आता हातचं राखून काय करायचं होतं? सुंदरा घरात घसरली, हे खरं. कंबर ठणकत होती, पण आपल्या पायाने रिक्षात बसली, आपल्या पायाने उतरली. एक्स-रेच्या खोलीच्या दारात रांग होती, त्यात गल्लीतल्या चार बायका. दार उघडंच. सुंदराने स्टुलावर एक पाय ठेवला, याने सवयीने तिचा हात धरला. आणि ती केवढी लाजली! लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली, पण चारचौघांत दोघांनी एकमेकांचा हात कधी धरला नव्हता. बाजारात तो पुढे, ती चार पावलं मागे, अशी त्यांची रीत.

"हात सोडा ना," ती दबक्या आवाजात म्हणाली होती. "लोके देखी राहिनात."

आणि याने सोडला. हजारो परक्या बायकांचा हात धरणारा हा माणूस, स्वतःच्या बायकोचा धरताना त्याला लाज वाटली! स्टूल कलंडलं. रांगेतल्यांना वाटलं, दुखण्यानेच बसली. कण्हता कण्हता सुंदराच म्हणाली, "कोणला सांगू नका. तुमनी नोकरी जाई." मग दवाखान्यात काय आणि घरी काय, त्याने एकच सांगितलं, घरी पडली तेव्हाच हाड मोडलं होतं. पुढे ऑपरेशन, अंथरूण, छातीत कफ, आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं.

हर्षदाने लॅपटॉप बाजूला सरकवला.

"म्हणजे घरी पडली तेव्हा मोडलं नव्हतं?"

"नई."

"ती चालत आली होती?"

"मना पुढे चालत गयी."

"त्या दिवशी फरशी मी धुतली होती, पप्पा." तिने पुढच्या फरशीकडे बोट केलं. "कॉलेजला उशीर होत होता म्हणून तशीच ओली सोडली होती. सहा वर्षं मी..."

हे शालिग्रामच्या डोक्यातच आलं नव्हतं हो! रोज डोळ्यांसमोर पोर फरशी घासून घासून पुसत होती, आणि हा बाप तिला चोख म्हणत होता. माणसांच्या आतली हाडं बघण्यात जन्म गेला, आणि घरातलं पोरीचं दुखणं दिसलं नाही. त्याने हात पुढे केला. ती मागे सरकली.

पोर डोळे पुसून परत टायपिंगला बसली.

"हात सोडला, हे पण लिहू?"

"लिख," शालिग्राम म्हणाला.

सोमवारी स्नेहा मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. पेनाने 'असल्यास बरं' खोडलं आणि बाजूला 'हवंच' लिहिलं. नोंद का केली नाही म्हणून शालिग्रामला खुलासा मागणारं पत्र आलं. त्याने खरं तेच लिहून दिलं. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाला आणखी काय करणार, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

घरातलं मात्र मिटलं नाही. हर्षदा कामापुरतं बोले. जेवण झाकलंय, गॅस संपलाय, एवढंच. आणि त्या रविवारपासून तिने फरशीवर पाणीच ओतलं नाही. नुसता पोछा फिरवायची.

नवं यंत्र आलं तेव्हा शालिग्रामचे दहा दिवस उरले होते. पहिल्याच दिवशी भेस्तानच्या सुमनबाई आल्या, सत्तरीच्या, गुडघेदुखीने पार खंगलेल्या. त्याने पायाने पेडल दाबलं, टेबल हळूहळू खाली आलं. सवयीने त्याने हात पुढे केला.

"राहू दे भाऊ," म्हातारी टेबलाच्या कडेला टेकत म्हणाली. "पाय पुरतात माझे. बरं केलं बाई ज्यानं केलं त्यानं."

शालिग्रामने हात मागे घेतला आणि तिच्या गुडघ्याचा फोटो काढला. चांगला आला.

संध्याकाळी तो घरी पोहोचला तर पायरीपर्यंत पाणी आलेलं. हर्षदा बादलीने पाणी ओतून पुढची फरशी धूत होती. धुवून झाली. तिने खराटा उभा केला, हात झटकले. कोरडं फडकं दोरीवर होतं, ते तिने घेतलं नाही.

"टेबल उनं आज," शालिग्राम पायरीवरूनच म्हणाला. "एकदम खाली येस."

हर्षदाने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणेलसं त्याला वाटलं.

"वलं शे," ती ओल्या फरशीकडे बघत म्हणाली, आणि आत स्वयंपाकाला गेली.

समोरच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका भाजी निवडत बसल्या होत्या. शालिग्रामने चपला काढून हातात घेतल्या आणि फरशी वाळेपर्यंत तो पायरीवर उभा राहिला.